खड्यांनी माणसं मोजणारा धुळाजी

धुळाजी ड्रायव्हरनं माणसं कधी आकड्यांनी मोजली नाहीत. गाडी एखाद्या लेण्यापाशी किंवा किल्ल्यापाशी थांबली की तो मागच्या फळीशी उभा राहायचा. एक माणूस उतरला की जमिनीवरचा एक खडा उचलायचा आणि खाकी सदऱ्याच्या उजव्या खिशात टाकायचा. माणसं बघून, फिरून परत आली की एकेक जण चढेल तसा एकेक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात जायचा. उजवा खिसा रिकामा झाला की गाडी निघायची.

मी हे पहिल्यांदा बघितलं ते दौलताबादच्या किल्ल्यापाशी. जालन्याकडचे व्यापारी सहलीला आले होते. सगळे चढले, तरी धुळाजीच्या खिशात एक खडा राहिला. व्यापारी म्हणाले, "अरे, राहिला असेल कुणीतरी मागं. तो येईल एस्टीनं. तू चल." धुळाजी गाडीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "खिसा रिकामा झाल्याबिगर गाडी निघायची नाय." दीड तास कुणी आलं नाही. शेवटी हा स्वतः किल्ल्यावर चढला आणि तोफेच्या सावलीत झोपलेल्या एका जाड्या माणसाला उठवून घेऊन आला. तो माणूस झोपमोड झाली म्हणून गड उतरेपर्यंत शिव्या देत होता. धुळाजी म्हणाला, "द्या की शिव्या, पण गाडीत बसून द्या." आणि शेवटचा खडा डाव्या खिशात टाकला.

मी त्याला विचारलं होतं, सरळ मोजत का नाहीस? तुला शंभरापर्यंत येतं.

"माणसाचा आकडा तोंडानं बोलायचा नाय, ताराबाई. बोललं की कुणीतरी ऐकतं."

"कोण ऐकतं?"

"ते बापानं सांगितलं नाय."

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. नवरा लवकर गेला, तेव्हापासून मी औरंगाबादला शहागंजाच्या मागं खानावळ चालवली. धुळाजी माझ्याकडं जेवायला यायचा. सिल्लोडकडचा धनगर, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, उंच, जरा वाकलेला. त्यानं मिलिटरीच्या लिलावातली जुनी गाडी घेतली होती. पुढं ड्रायव्हरची बंद केबिन, मागं समोरासमोर दोन बाकं आणि वर ताडपत्री. केबिनमधल्याला मागचं दिसत नसे आणि मागच्यांना केबिनमधलं. सहलीची गिऱ्हाइकं मिळाली की तो मला सोबत घ्यायचा, कारण शहरातल्या माणसांना पडक्या किल्ल्यात बसून गरम पिठलं-भाकरी खायची हौस असते. मी स्टोव्ह, परात, पीठ घेऊन मागं चढायची. माझा खडा तो मोजत नसे. म्हणायचा, तुमी गिऱ्हाईक नाय, तुमी गाडीच्या.

त्याच्यामुळं मी हा सगळा मुलूख बघितला. खुलताबादचा घाट, वेरूळ, अजिंठ्याकडचे डोंगर, कन्नडच्या पुढचं रान. पावसाळ्यात सातमाळ्याचे डोंगर हिरवेगार होतात आणि कड्यांवरून जागोजागी पाण्याच्या पांढऱ्या दोऱ्या लोंबतात. धुळाजी ठरलेल्या वळणांवर गाडी थांबवायचा आणि म्हणायचा, "इथून बघून घ्या. खाली गेल्यावर नुसते दगड हायेत." तो स्वतः पडक्या जागेत कधी आत जात नसे. गिऱ्हाइकांना मात्र दर वेळी तेच सांगायचा. उजेडात बघायचं, उजेडातच निघायचं. तिथलं काही उचलून आणायचं नाही. एकदा एका बाईनं फुटक्या मूर्तीचा हात पिशवीत घातला, तेव्हा त्यानं तो काढायला लावला. बाई म्हणाली, "कुणाचा आहे तो? टाकून दिलेलाच आहे." धुळाजी म्हणाला, "ज्याचा हाय तो अजून तिथंच बसलाय."

हॉर्नचाही त्याचा नियम होता. पहिल्या हॉर्नला उठायचं, दुसऱ्याला चालायला लागायचं, तिसऱ्याला गाडीत असायचं. हे तो सकाळीच सगळ्यांना ऐकवायचा, म्हाताऱ्यांना दोनदा.

खडे त्याच्या बापाचे. म्हणजे मोजायची पद्धत बापाची. बाप मेंढरं राखायचा. सकाळी वाड्यातून मेंढरं निघताना मेंढरामागं एक खडा, संध्याकाळी आत घेताना एकेक खडा खाली. निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झालं तेव्हा धुळाजी पंधरा-सोळा वर्षांचा होता. गावात काय होईल याचा भरवसा नव्हता, म्हणून बाप आणि हा कळप घेऊन डोंगरात लपले होते. एका दुपारी खालून बंदुकांचे आवाज आले आणि मेंढरं उधळली. संध्याकाळी गोळा करून मोजली तर बापाच्या मुठीत खडे उरले. किती, ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. तीन दिवस बाप लेकराला घेऊन दऱ्या धुंडाळत होता. नंतर खाली उतरले तर जळगावच्या रस्त्यानं फौजेच्या गाड्या चालल्या होत्या, माणसांनी भरलेल्या. धुळाजी म्हणायचा, "येवढी माणसं गाडीत, आन मोजायला कुणी नाय. तवाच ठरवलं, आपण गाडी चालवायची."

याच बापाची आणखी एक रीत होती. गाभण मेंढीला तो दोन खडे धरायचा. पोटातलं पिल्लूही कळपातलंच, त्याला वगळायचं नाही. धुळाजीनं हे मला एका जेवणावर सांगितलं होतं, हसत हसत. मी पुढची भाकरी वाढली आणि विसरून गेले.

नानांची सहल निघाली ती श्रावण सरता सरता. नाना चिकलठाण्याकडचे, घरची बरीच जमीन असलेले. मुलाचं लग्न झालं होतं आणि नव्या सुनेला लेणी दाखवायची होती. वेरूळ सगळेच बघतात, म्हणून नानांनी पितळखोरा ठरवलं. कन्नडच्या पुढं डोंगरात खोल दरी आहे, त्या दरीत ही जुनी लेणी. तेव्हा तिथं धड रस्ता नव्हता. शेवटचे काही मैल बैलगाडीच्या वाटेनं जायचं आणि मग शेकडो पायऱ्या उतरायच्या. खाली ओढा, ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडं गेलं की लेणी.

नाना, त्यांची बायको, मुलगा, सून शकुंतला, दोन शाळकरी मुली आणि नानांची थोरली बहीण, असे सात जण होते. या बहिणीला सगळे आत्याबाई म्हणत. पंधराव्या वर्षी विधवा होऊन भावाकडं आलेली, तेव्हा साठीच्या आसपास असेल. घरात कुणी हाक मारली की ती हातातलं टाकून उठायची. मागच्या बाकावर अगदी टोकाला, माझ्या परातीशेजारी बसली होती. मला म्हणाली, "मी आजवर पैठणच्या पलीकडं गेले नाही हो." ताडपत्रीच्या फटीतून ती वाटभर डोंगर बघत होती.

सून दोनदा ओकली. दुसऱ्यांदा मी तिला पाणी दिलं आणि हळूच विचारलं. ती म्हणाली, "व्हय मावशी. पण घरी सांगितलं नाही अजून. तीन महिने होऊ द्या." मी बरं म्हटलं.

पायऱ्यांच्या तोंडाशी एक गुराखी उभा होता. त्यानं धुळाजीला सांगितलं, "मामा, आज खाली नका उतरू. वर पाटणा गावाच्या अंगाला सकाळधरनं अंधारलंय." तिकडं आभाळ खरंच काळंनिळं झालं होतं, पण आमच्या डोक्यावर ऊन होतं. वारा पडला होता. रोज झाडांवर धिंगाणा घालणारी माकडं कड्याच्या कडेला ओळीनं बसून होती, एक हलत नव्हतं. धुळाजीनं नानांना सांगितलं, "नाना, आज वरूनच बघा. दरी वरून झ्याक दिसती."

नाना हसले. मुलाला म्हणाले, "बघ रे, धनगराचं हवामान खातं. रेडिओ घ्यायची गरज नाही आपल्याला."

"मी सांगायचं काम केलं," धुळाजी म्हणाला. "दोन तासांत वर या. तिसऱ्या हॉर्नला गाडीत." आणि खाली वाकून सात खडे उचलले.

मी सामान घेऊन त्यांच्याबरोबर उतरले. ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं. पलीकडं, ओट्याला दगडी हत्तींची रांग कोरलेली. कुणाची सोंड गेलेली, कुणाचं तोंडच नाही. दाराशी दोन दगडी पहारेकरी, अंगरखा घातलेले, आणि त्यांचं हसणं मला आवडलं नाही. आत काळोख, वटवाघळांचा वास, छताचा केव्हाच खाली आलेला भाग. मुली हाका मारून आवाज घुमवत होत्या. मी ओढ्याकाठी पिठलं टाकलं. आत्याबाई मात्र हत्तींपाशीच. एकेका हत्तीच्या डोक्यावरून हात फिरवत होती, जसा आपण गोठ्यातल्या बैलावरून फिरवतो.

जेवण होता होता लांबून गडगडलं. सुनेला पिठल्याचा वास सहन होईना, म्हणून मी तिला धरून लवकर वर आणलं आणि धुळाजीला बाजूला घेऊन सांगितलं, "ही पोरगी पोटुशी आहे. कुणाला बोलू नको. परतताना हिला पुढं केबिनमध्ये घे आणि गाडी हळू चालव."

त्याचं तोंड उजळलं. "आसं? मंग दोन जीव झाले."

मी सुनेला झाडाखाली बसवून भांडी आणायला पुन्हा खाली गेले. तोवर बाकीचे पायऱ्या चढायला लागले होते. आत्याबाई ओढ्यापलीकडंच होती. मी म्हटलं, चला. ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. हत्तींना एकदा बघते आणि आलेच." वर पहिला हॉर्न झाला. मी डोक्यावर परात घेऊन चढायला लागले. वर पोचले तर सुनेला घेरी आली होती. मी तिला केबिनमध्ये चढवलं, मांडीवर डोकं घेतलं, कांदा फोडून नाकाशी धरला. तेवढ्यात पावसाचे थेंब आले, मागची माणसं घाईनं चढली, ताडपत्री खाली सोडली. मी आत्याबाईला विसरले. सरळ लिहिते, विसरले.

धुळाजी फळीशी उभा राहून खडे टाकत होता. मोजून झाल्यावर तो केबिनमध्ये आला, तिसरा हॉर्न दिला, उजवा खिसा चाचपला आणि म्हणाला, "पुरं झालं." गाडी निघाली.

कन्नडला चहाच्या टपरीपाशी थांबलो. नानांच्या बायकोनं पुढं येऊन केबिनच्या खिडकीत डोकं घातलं. "ताराबाई, आत्याबाईला चहा सांगू का?"

"मला काय विचारता? त्या मागं आहेत ना तुमच्यात."

"मागं? आम्हाला वाटलं शकूला बरं नाही म्हणून पुढं बसल्या."

नानाही उतरून आले. धुळाजीनं उजव्या खिशात हात घातला, खिसा उलटा केला. आत माती होती फक्त. मग डाव्या खिशातले खडे काढून बॉनेटवर ओळीनं ठेवले. सातच होते. सकाळी उचललेले सात. चढली होती सहा माणसं.

त्यानं वर बघितलं ते थेट सुनेकडं. मग माझ्याकडं. मला समजलं. उतरताना तिचा एक खडा होता, चढताना त्यानं तिला दोन दिले होते. आत्याबाईचा खडा त्या पोटातल्या जिवाच्या नावावर डाव्या खिशात गेला होता.

"कसं काय रे?" नाना ओरडले. "तू तर खड्याखड्यानं मोजतोस ना?"

"चुकलं," धुळाजी म्हणाला.

बायका-पोरांना नानांच्या मुलाबरोबर टपरीवर ठेवलं. धुळाजी, नाना आणि मी परत फिरलो. धुळाजीनं ती गाडी त्या वाटेनं जशी हाकली, तशी कुणी हाकू नये. वाटेत पाऊस असा नव्हताच, पण डोंगराच्या अंगाला आभाळ जमिनीला टेकलं होतं आणि सगळ्या कड्यांवरून, सकाळी जिथं पांढऱ्या दोऱ्या होत्या तिथून, लाल पाणी पडत होतं. नाना दर वळणाला म्हणत होते, "बसली असेल कुठंतरी आडोशाला. ती कुठं जाणार?" काळजीनं म्हणत होते की वैतागून, मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

पायऱ्यांपाशी पोचलो तेव्हा उजेड होता अजून. धुळाजी धावत उतरला. मी त्याच्यामागं. नाना म्हणाले, माझे गुडघे धरतात, मी इथं गाडीत थांबतो.

अर्ध्या पायऱ्या उतरल्यावर आवाज ऐकू आला. सकाळचा तो ओढा नव्हता. दरीभर लाल, फेसाळ पाणी, त्यात झाडांच्या फांद्या. पलीकडं हत्तींच्या रांगेपाशी आत्याबाई बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर तांब्या. मागाहून मला वाटलं, ती वर चढून आली असणार, गाडी गेलेली बघून पावसात पुन्हा लेण्यात आसऱ्याला गेली असणार. कारण तिचं लुगडं वरपासून खालपर्यंत भिजलेलं होतं.

धुळाजीनं काठावर उभं राहून दोन्ही हात तोंडाशी धरले. "आत्याबाई! हलू नका! पाणी उतरंल घटकाभरात! मी बसतो हितं!"

तिनं मान हलवली. तिला ऐकू गेलं, मी बघितलं. तो तिच्यासमोर अलीकडच्या खडकावर बसला आणि हाताचा पंजा तिच्याकडं करून धरला, कळपाला थांबवताना धरतात तसा. मी वर पायरीवर थांबले. माझा जीव जागेवर आला होता. ओढा डोंगरी होता, जसा चढतो तसा उतरतो. ती उंचावर होती, पाण्याबाहेर होती. काही होणार नव्हतं. बसून राहायचं होतं फक्त.

आणि वरून हॉर्न वाजला.

एकदा. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा, लांब.

आत्याबाई उठली. तिनं तांब्या कमरेशी धरला, लुगडं गुडघ्याशी खोचलं. धुळाजी ओरडला, मी ओरडले, दोघं हात हलवत होतो. पाण्याचा आवाज फार होता, पण तिला ऐकू आलं नाही असं मी म्हणणार नाही. एकदा हॉर्न चुकला होता तिचा. सगळे गेले होते तिला टाकून. आयुष्यभर हाकेला उठलेली बाई, दुसऱ्यांदा कशी चुकवणार? सकाळी ज्या दगडांवरून आलो होतो तिथं तिनं पाय ठेवला. दगड पाण्याखाली होते. ती दोन पावलं आली, तिसऱ्याला गेली.

धुळाजीनं उडी टाकली. पाण्यानं त्याला खडकावर आदळलं, उजवा हात कोपरात मोडला. तो कसाबसा झुडपाला धरून बाहेर आला आणि तसाच काठाकाठानं खाली धावत सुटला. दिवस मावळायच्या आत त्याला आणि त्या सकाळच्या गुराख्याला ती खालच्या वळणावर सापडली. तांब्या हातात नव्हता.

मी वर जाऊन नानांना विचारलं, "हॉर्न का वाजवला?"

नाना म्हणाले, "कुठला हॉर्न?"

मी पुन्हा विचारलं नाही. ते रडत होते. पण हॉर्न त्यांनी वाजवला होता आणि घाई झाली म्हणून वाजवला होता, हे मला माहीत आहे.

गुराख्यानं आणलेल्या बैलगाडीतून पहाटे कन्नडला पोचलो. तिथं दवाखान्यात धुळाजीच्या हाताला प्लास्टर घालत होते तेव्हा जमादार जबाब घ्यायला आला. नाना म्हणाले, ड्रायव्हरनं माणूस मागं टाकला. जमादारानं विचारलं, खरं का? धुळाजी म्हणाला, "व्हय. मोजण्यात चूक झाली."

"कशी झाली?"

"झाली."

"प्यायला होतास का?"

धुळाजी गप्प बसला. जमादारानं काय लिहायचं ते लिहिलं.

तो गेल्यावर मी म्हटलं, "तू का सांगत नाहीस? दोन खड्यांचं सांग. मी तुला सांगितलं म्हणून सांग. हॉर्नचं सांग."

तो म्हणाला, "ताराबाई, डोकं चालवा जरा. दोन खडे म्हटलं की त्या पोरीचं पोटुशी असणं आलं. पुढं काय म्हणतील? पोटातल्यानं आत्याला खाल्लं म्हणतील. जल्मायच्या आधीच पांढऱ्या पायाचं ठरंल. त्या पोरीला नांदू देतील का? त्या लेकराला कुणी मांडीवर घेईल का?"

"आणि तुला दारुडा म्हणतील ते?"

"म्हणू द्या. मला कुठं आता जल्म घ्यायचाय?"

"तू कधी थेंब घेतला नाहीस."

"ते तुमाला म्हाईत हाय. बास की."

मला त्याचा राग आला. अजूनही येतो. पण तो म्हणाला ते खरं होतं. त्या घराला मी ओळखत होते, गावाला ओळखत होते. त्या पोरीला त्यांनी सोडलं नसतं. म्हणून मीही गप्प बसले, आणि माझ्या गप्प बसण्यात माझी सोय होती हेही खोटं नाही. पोटुशी असल्याचं मी सांगितलं होतं आणि आत्याबाईला खाली मी सोडून आले होते. यातलं मला कुणी काही विचारलं नाही.

धुळाजीचं लायसन गेलं. लायसन नसतं गेलं तरी गिऱ्हाईक आलं नसतं. औरंगाबादभर झालं, की दारू पिऊन बाईला दरीत टाकून आला. गाडी विकली, गावी गेला, दुसऱ्यांची मेंढरं राखायला लागला. मी वर्षातून एकदा सिल्लोडच्या एस्टीनं जायची, चार भाकरी आणि ठेचा घेऊन. तो मला डोंगर दाखवायचा, जसा पूर्वी दाखवायचा तसा. मोडलेला हात त्याला कधी सरळ करता आला नाही. मेंढरं मोजायचं काम त्यानं मालकाच्या बायकोकडं दिलं होतं.

एकदा मी त्याला म्हटलं, "मी तुला तेव्हा सांगितलं नसतं तर आत्याबाई वाचली असती."

तो म्हणाला, "तुमी सांगितलं ते खोटं होतं का?"

"नाही."

"मंग. खरं सांगितल्याचा काय दोष? मोजलं मी."

"मला हलकं करायला जाऊ नको. मला नाही व्हायचं हलकं."

"मंग ऱ्हावा तशाच जड," तो म्हणाला आणि मेंढरांमागं निघून गेला. त्याचं बोलणं असंच होतं.

सून बाळंत झाली, मुलगी झाली. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "घरात घेतेत ना नीट तिला?" मी म्हटलं, आजोबा खांद्यावरून खाली ठेवत नाहीत. पुढं दर वर्षी त्या मुलीचं विचारायचा. चालायला लागली का, शाळेत गेली का, लग्न झालं का. मला जे कानावर यायचं ते मी सांगायची. तिनं त्याला कधी बघितलं नाही. तो हिवतापानं गेला, उन्हाळ्यात, आणि मला महिन्यानं कळलं.

आता नाना नाहीत, त्यांची बायको नाही, शकुंतलाही दोन वर्षांपूर्वी गेली. मागच्या महिन्यात तिची ती मुलगी माझा पत्ता शोधत आली. केस पांढरे झालेत, चष्मा आहे, शाळेत शिकवते. म्हणाली, आई शेवटी तुमचं नाव घेत होती, म्हणून आले. आमच्या आत्याआजीबद्दल तुम्हाला माहीत आहे म्हणे. तो दारुडा ड्रायव्हर कोण होता?

मी तिला सगळं सांगितलं. इथं लिहिलं आहे तसंच, काही न गाळता. तिच्या नावानं पडलेल्या खड्याचंही सांगितलं. आता तिला कुणी काही करू शकत नाही, आणि ऐकून मोडून पडेल असं ते माणूस नाही. चहा तिच्यापुढं गार झाला. तिनं डोळे पुसले नाहीत, कारण पाणी आलंच नव्हतं.

जाताना दारात चप्पल घालत म्हणाली, "मावशी, आमच्याकडं दर वर्षी आत्याआजीचं श्राद्ध करतात. पानं वाढली की जेवायला बसायच्या आधी त्या ड्रायव्हरला शिव्या द्यायची पद्धतच पडली आहे. माझी नातवंडंसुद्धा देतात."

मी म्हटलं, "यंदा देऊ नका."